पाण्याच्या डबीतून विद्युत आणि चुंबकत्व: जीवविज्ञान व पर्यावरणाच्या विद्यार्थ्यांसाठी

जीवविज्ञान किंवा पर्यावरणशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या वर्षी विद्युत आणि चुंबकत्व हा भाग शिकावा लागतो, तेव्हा त्याची सुरुवात बहुधा रेशमाने घासलेल्या काचेच्या कांडीपासून होते आणि शेवट तांब्याच्या वेटोळ्यांपाशी. या दोन्ही गोष्टींशी त्याच्या विषयाचा फारसा संबंध येत नाही. त्याच्या विषयातली वीज तारेतून नव्हे, तर पाण्यातून वाहते, आणि ती वाहून नेणारे कण इलेक्ट्रॉन नसून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड यांसारखे आयन असतात. विहिरीच्या पाण्यात, मातीच्या ओलाव्यात, मुळांत, मज्जातंतूत आणि हृदयाच्या स्नायूत सगळीकडे हेच कण कामाला असतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की या विद्यार्थ्यांनी विद्युतशास्त्राचा अभ्यास आयनांच्या द्रावणापासून सुरू करावा आणि तारेकडे नंतर वळावे. इतिहासातही हा क्रम काही परका नाही. लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले, त्यावरून उठलेल्या वादातून १८०० मध्ये व्होल्टा यांची विद्युतराशी, म्हणजे पहिली बॅटरी, जन्माला आली, आणि अखंड वाहणारी विद्युतधारा त्यानंतरच प्रयोगशाळेत मिळू लागली.

पुढे दिलेली पद्धत एका साध्या डबीभोवती रचलेली आहे. या डबीत पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे शेतकरी आणि माती परीक्षण करणारे ज्याला नुसते ‘ईसी’ म्हणतात ती राशी, मोजायची आहे. हे एक मोजमाप नीट समजून केले, तर प्रभार, विद्युतक्षेत्र, विभवांतर, रोध, धारकता आणि प्रत्यावर्ती धारा या सर्व संकल्पना त्यात येऊन जातात. चुंबकत्वासाठी मात्र डबी सोडून शेतात जावे लागते, आणि त्याचे कारणही डबीतच सापडते.

डबी आणि मंडल

आतून सुमारे ४ सेंमी रुंद, ६ सेंमीपेक्षा थोडी लांब, उभ्या भिंतींची आणि सपाट तळाची प्लास्टिकची आयताकृती डबी घ्यावी. स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या डबीच्या रुंदीएवढ्या कापाव्यात आणि त्यांचे वरचे टोक डबीच्या काठावरून बाहेर वाकवावे, म्हणजे पट्टी आतल्या भिंतीला टेकून उभी राहते आणि तारेचा चिमटा पाण्याबाहेर लावता येतो. चिमटा पाण्यात बुडता कामा नये, कारण वेगळा धातू पाण्यात आला की त्याचे स्वतःचे लहानसे विभवांतर तयार होते. पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आणि तळापर्यंत पोचली पाहिजे. ही अट केवळ नीटनेटकेपणासाठी नाही, याचा खुलासा पुढे येईल. दोन पट्ट्यांच्या आतल्या पृष्ठभागांमधले अंतर ६ सेंमी भरेल असे पाहावे आणि पाणी बरोबर ३ सेंमी उंचीपर्यंत भरावे.

आता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असणारा फंक्शन जनरेटर (हव्या त्या वारंवारतेचे प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारे, विभवांतर देणारे उपकरण), ४७० ओहमचा रोध आणि ही डबी एकसर जोडणीत जोडावी. जनरेटर १००० हर्ट्झच्या साइन तरंगावर आणि सुमारे २ व्होल्टवर ठेवावा. घरातल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याला ही डबी थेट जोडण्याचा विचारही करू नये, कारण मीठ विरघळलेले पाणी आणि ओले हात यांच्यामध्ये त्या विभवांतराला अडवणारे काहीच उरत नाही.

मल्टिमीटर प्रत्यावर्ती व्होल्टच्या मापनश्रेणीवर ठेवून आधी ४७० ओहमच्या रोधाच्या दोन टोकांमधले आणि नंतर डबीच्या दोन पट्ट्यांमधले विभवांतर मोजावे. एकसर जोडणीत दोन्हींमधून एकच धारा वाहत असल्यामुळे डबीचा रोध म्हणजे ४७० गुणिले डबीवरचे विभवांतर भागिले रोधावरचे विभवांतर. या रीतीत एक सोय दडलेली आहे. स्वस्त मल्टिमीटर काही शे हर्ट्झच्या पुढे प्रत्यावर्ती विभवांतर कमी दाखवू लागतात. पण दोन्ही मोजमापे त्याच मीटरवर, त्याच मापनश्रेणीत आणि त्याच वारंवारतेला घेतली, तर दोन्हींत चूक सारख्याच प्रमाणात येते आणि भागाकारात ती निघून जाते.

विद्युतक्षेत्र हाताने चाचपणे

वाहकतेकडे वळण्यापूर्वी थोडा वेळ याच डबीत विद्युतक्षेत्र पाहण्यात घालवावा. मल्टिमीटरची काळी तार एका पट्टीला लावावी, लाल तारेच्या टोकाला एक स्टीलची टाचणी बांधावी आणि ती टाचणी काळ्या पट्टीपासून १ सेंमी, २ सेंमी, ३ सेंमी अशा अंतरांवर पाण्यात उभी बुडवून प्रत्येक ठिकाणचे विभवांतर लिहून घ्यावे. आकडे जवळजवळ सारख्या पायऱ्यांनी वाढत जातात. टाचणी रुंदीच्या दिशेने सरकवली, तर आकडा बदलत नाही. दर सेंटिमीटरला किती व्होल्ट वाढले हा जो आकडा मिळतो, तेच विद्युतक्षेत्राचे मूल्य आहे, आणि ज्या दिशेने सरकताना आकडा बदलत नाही ती समविभव रेषा आहे. पाठ्यपुस्तकात बाणांनी दाखवलेले क्षेत्र इथे मोजून हाती येते.

त्यानंतर पट्ट्या काढून त्यांच्या जागी स्टीलचे दोन खिळे उभे करावेत आणि हीच मोजणी पुन्हा करावी. आता पायऱ्या सारख्या राहत नाहीत. खिळ्याजवळ विभव झपाट्याने बदलतो आणि मधल्या भागात संथ, कारण सगळी धारा खिळ्याच्या लहानशा पृष्ठभागातून बाहेर पडून मग डबीभर पसरते. पट्टी कडेपासून कडेपर्यंत असावी ही अट इथे समजते. पट्टी पूर्ण रुंदीची असेल आणि भिंती विद्युतरोधक असतील, तर धारेला फुगायला जागाच राहत नाही, क्षेत्र सर्वत्र एकसारखे होते आणि डबीचा रोध नुसत्या मोजपट्टीने काढता येतो.

तो असा काढावा. रोध हा पट्ट्यांमधल्या अंतराच्या सम प्रमाणात आणि पाण्याच्या छेदक्षेत्राच्या व्यस्त प्रमाणात असतो. आपल्या डबीत अंतर ६ सेंमी आणि छेदक्षेत्र ४ गुणिले ३, म्हणजे १२ चौरस सेंमी आहे. त्यांचा भागाकार ०.५ प्रति सेंटिमीटर येतो. यालाच सेल स्थिरांक म्हणतात. या स्थिरांकाला मोजलेल्या रोधाने भागले की वाहकता मिळते. पाणी अर्धे काढून उंची दीड सेंमी केली की रोध दुप्पट झाला पाहिजे, आणि तो खरोखर होतो का हे प्रत्येकाने स्वतः पाहावे. ओहमच्या नियमातला भूमितीचा वाटा पाठ करण्याची मग गरज राहत नाही.

प्रमाण द्रावण आणि तापमान

मोजपट्टीने काढलेला स्थिरांक बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे प्रमाण द्रावण वापरतात. कोरडे पोटॅशियम क्लोराइड ०.७४६ ग्रॅम तोलून ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे आणि द्रावण १ लिटर करावे. हे ०.०१ मोलर द्रावण २५ अंश सेल्सियसला १४१३ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर इतकी वाहकता दाखवते. आपल्या डबीत त्याचा रोध सुमारे ३५४ ओहम यायला हवा. थोडा फरक पडला, तर पट्टी भिंतीपासून सुटली आहे का, पाण्याची उंची नेमकी आहे का आणि पट्टीवर तेलकटपणा आहे का हे पाहावे. त्यानंतरही उरलेला फरक मान्य करून द्रावणावरून आलेला स्थिरांकच पुढच्या सगळ्या मोजमापांत वापरावा.

तापमानाकडे दुर्लक्ष करणे ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक असते. पाणी तापले की त्याची चिकटपणाची मात्रा कमी होते, आयनांना सरकणे सोपे जाते आणि नैसर्गिक पाण्याची वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. सकाळी २२ अंशाला आणि दुपारी ३४ अंशाला मोजलेल्या एकाच विहिरीच्या पाण्यात त्यामुळे जवळजवळ पाव हिश्शाचा फरक दिसू शकतो आणि पाणी बिघडल्याचा खोटा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून प्रत्येक आकडा २५ अंशांवर आणून लिहिण्याची पद्धत आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, विहिरीच्या पाण्यासाठी रोधावर १.१० व्होल्ट आणि डबीवर ०.७७ व्होल्ट आले. डबीचा रोध ३२९ ओहम झाला आणि वाहकता ०.५ भागिले ३२९, म्हणजे सुमारे १५२० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर झाली. पाण्याचे तापमान ३१ अंश होते, म्हणजे ६ अंश जास्त. तेव्हा १५२० ला १.१२ ने भागावे. उत्तर सुमारे १३६० येते. अमेरिकेतल्या रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि आपल्याकडेही दीर्घकाळ वापरात असलेल्या सिंचनाच्या पाण्याच्या वर्गवारीत २५० मायक्रोसिमेन्सपर्यंत पहिला, ७५० पर्यंत दुसरा आणि २२५० पर्यंत तिसरा वर्ग धरतात. आपले पाणी तिसऱ्या वर्गात बसते, म्हणजे निचरा चांगला नसलेल्या जमिनीला ते देऊ नये.

आकड्यामागचे आयन

वाहकतेचा आकडा हाती आला की तो कशाचा बनला आहे हे विचारायला हवे. मीठ मुळात पाण्यात फुटतेच का? दोन विरुद्ध प्रभारांमधले आकर्षण निर्वातात जेवढे असते, त्याच्या सुमारे ऐंशीव्या हिश्शाएवढेच ते पाण्यात उरते, कारण पाण्याचे ध्रुवीय रेणू प्रत्येक आयनाभोवती वळून त्याचे क्षेत्र झाकून टाकतात. कुलोमचा नियम जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवायचा तो या भाजकासह.

डबीत आणखी एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड १४१३ दाखवते, तर तेवढ्याच मोलरतेचे साधे मीठ, म्हणजे लिटरला ०.५८४ ग्रॅम, जवळपास ११८५ दाखवते. आयनांची संख्या तीच, प्रभार तोच आणि क्लोराइडही तेच असताना हा फरक का यावा? सोडियमचा आयन आकाराने लहान असल्याने त्याच्या पृष्ठभागापाशी क्षेत्र अधिक तीव्र असते, तो पाण्याचे रेणू अधिक घट्ट धरून ठेवतो आणि हा सगळा लवाजमा ओढत पुढे सरकतो. पोटॅशियमचा संसार हलका असतो. पेशीपटलातल्या ज्या वाहिन्या पोटॅशियमला आत घेतात आणि त्याच्याहून लहान असलेल्या सोडियमला अडवतात, त्यांचे कोडे सोडवताना याच जलवेष्टनाचा विचार करावा लागतो. साखरेचे द्रावण मात्र कितीही घट्ट केले तरी वाहकता वाढवत नाही, कारण साखरेचा रेणू विरघळतो पण फुटत नाही.

आयन सरकतात तरी किती वेगाने? पाण्यातला सोडियम आयन दर सेंटिमीटरला १ व्होल्ट इतक्या क्षेत्रात सेकंदाला सुमारे ५ मायक्रोमीटर जातो. आपल्या ६ सेंमीच्या डबीवर १ व्होल्ट पडला आहे असे धरले, तर हा वेग सेकंदाला १ मायक्रोमीटरपेक्षाही कमी भरतो, म्हणजे आतड्यातल्या एखाद्या जिवाणूच्या निम्म्या लांबीएवढा. जनरेटर १००० हर्ट्झवर असताना दिशा दर अर्ध्या मिलिसेकंदाला उलटते. तेवढ्या वेळात आयन अर्ध्या नॅनोमीटरच्या आतच सरकतो, पाण्याच्या एका-दोन रेणूंच्या रुंदीएवढा. तरीही बटण दाबताच मीटर आकडा दाखवतो, कारण क्षेत्र सगळ्या डबीत जवळजवळ एकाच क्षणी उभे राहते आणि सर्व आयन आपापल्या जागी एकदमच हलू लागतात.

इथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. वाहकता आयनांची बेरीज सांगते, ते कोणते आहेत हे सांगत नाही. खिशातले टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ दाखवणारे मीटर, प्रत्यक्षात वाहकताच मोजते आणि तिला साधारण ०.५ ते ०.७ मधल्या एका ठरावीक आकड्याने गुणून दाखवते. त्यावर आकडा कमी आला म्हणून पाणी पिण्यायोग्य ठरत नाही, कारण रोगजंतू, कीटकनाशके आणि घातक ठरण्याइतके पण अत्यल्प प्रमाणातले आर्सेनिक त्या आकड्यात दिसतच नाही. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्याचेच पाहा. तिथल्या मचूळ पाण्याचा आणि जमिनीचा विचार करताना एकूण क्षारांइतकेच त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती आहे हे महत्त्वाचे ठरते. सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतो आणि जमीन पाणी मुरवून घेईनाशी होते. तो भाग रासायनिक पृथक्करणानेच कळतो.

एकदिश धारा का चालत नाही

प्रत्यावर्ती धारेचा आग्रह कशासाठी, हे एका वेगळ्या प्रयोगातून पाहावे. स्टीलच्या पट्ट्या बाजूला ठेवाव्यात, कारण मिठाच्या पाण्यात एकदिश धारेने धन पट्टी कुरतडली जाते आणि तिच्यातले क्रोमियम व निकेल पाण्यात उतरतात. त्यांच्या जागी पेन्सिलीतली शिशाची दोन टोके थोडा वेळ ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडावीत, आणि क्लोरीनचा वास येऊ शकत असल्याने खिडकी उघडी ठेवावी. दोन्ही टोकांवर बुडबुडे येतात, आणि हळदीचा ओला कागद ऋण टोकाजवळ धरला तर तो लालसर होतो, म्हणजे तिथले पाणी अल्कधर्मी झाले आहे. मोजता मोजता नमुनाच बदलून गेला, आणि त्याचा रोध मोजला असे म्हणण्यात आता अर्थ उरला नाही.

विभवांतर कमी ठेवून बुडबुडे टाळले तरी अडचण संपत नाही. धातूच्या पृष्ठभागावर विरुद्ध प्रभाराच्या आयनांचा थर जमतो. धातूतला प्रभार एका बाजूला, आयनांचा थर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पाण्याच्या रेणूंचे जेमतेम अंतर, असे एक धारित्र तिथे आपोआप तयार होते. त्याची धारकता चौरस सेंटिमीटरला ठोकळमानाने २० मायक्रोफॅरड धरता येते. धारित्र एकदिश धारेला अडवते आणि प्रत्यावर्ती धारेला वाट देते, आणि वारंवारता जितकी जास्त तितकी ही वाट मोकळी. टाचणीचे टोक ०.१ चौरस सेंमी बुडाले असेल, तर त्याची धारकता २ मायक्रोफॅरड होते, आणि दोन टाचण्यांचा मिळून अडथळा ५० हर्ट्झला सुमारे ३२०० ओहम, तर १००० हर्ट्झला अवघा १६० ओहम येतो. आपल्या १२ चौरस सेंमीच्या पट्ट्यांसाठी तोच १००० हर्ट्झला दीड ओहमच्याही आत राहतो आणि ३२९ ओहमपुढे तो सोडून देता येतो. फंक्शन जनरेटरची कळ फिरवून टाचण्या आणि पट्ट्या यांची वेगवेगळ्या वारंवारतेला तुलना करावी. धारकता म्हणजे काय, याचा इतका सरळ पुरावा या पातळीवर दुसरा मला माहीत नाही.

डबीतून पेशीत

हीच कल्पना घेऊन पेशीपटलाकडे जावे. दोन्ही बाजूंना वाहक द्रावण आणि मध्ये मेदाचा सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक पडदा, म्हणजे तेही धारित्रच, आणि त्याची धारकता चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड असते. विश्रांत अवस्थेतल्या चेतापेशीच्या आतला विभव बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ७० मिलिव्होल्टला ५ नॅनोमीटरने भागले की दर मीटरला सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्ट असे क्षेत्र येते, आणि कोरडी हवा तर ३० लाखांच्या आसपासच ठिणगी टाकते. पटलातल्या प्रथिनांचे प्रभारित भाग या प्रचंड क्षेत्रात उभे असतात, म्हणूनच काही मिलिव्होल्टच्या बदलाने वाहिन्यांची दारे उघडतात आणि मिटतात.

हा विभव कुठून येतो, हे नेर्न्स्ट यांच्या समीकरणावरून काढावे; आयनाच्या आतल्या-बाहेरच्या संहतीवरून ते विभव देते. पोटॅशियम आत १४० आणि बाहेर ५ मिलिमोलर असेल, तर ३७ अंशाला ६१.५ मिलिव्होल्ट गुणिले ५ भागिले १४० चा लॉग, म्हणजे सुमारे उणे ८९ मिलिव्होल्ट. प्रत्यक्ष आकडा उणे ७० च्या आसपास राहतो, कारण पटल थोडेसे सोडियमही आत येऊ देते.

इथे विद्यार्थ्यांच्या मनात एक गैरसमज हटकून असतो: विभव तयार व्हायचा तर पेशीतले बरेच पोटॅशियम बाहेर जावे लागत असेल. याचे उत्तर गणितानेच द्यावे. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या गोल पेशीचे क्षेत्रफळ, धारकता आणि ७० मिलिव्होल्ट यांचा गुणाकार केला की प्रभार मिळतो, आणि त्याला एका आयनाच्या प्रभाराने भागले की सुमारे ५५ लाख आयन येतात. त्याच पेशीत पोटॅशियमचे आयन सुमारे ३५ हजार कोटी असतात. म्हणजे साधारण साठ हजारांतला एक आयन पटलापलीकडे गेला की काम भागते आणि संहती ढळतसुद्धा नाही. हे गणित प्रत्येकाने एकदा वहीवर स्वतः करावे, असा माझा आग्रह आहे. त्यानंतर चेताआवेगावरचे प्रकरण वाचायला घेतले, तर आयन कुठे आणि किती जातात याबद्दल शंका राहत नाही.

जाता जाता विजेच्या माशांचा उल्लेख करायला हवा, कारण वाहकतेशी त्यांचा थेट संबंध आहे. समुद्रातला टॉर्पेडो मासा सुमारे ५० व्होल्टचा झटका देतो, तर दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातली विद्युत ईल काही शे व्होल्टचा. समुद्राचे पाणी सुमारे ५०,००० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकतेचे असल्याने तिथे थोड्या विभवांतरात भरपूर धारा वाहते. नदीचे पाणी कमी वाहक असल्याने भक्ष्यापर्यंत पुरेशी धारा पोचवायला विभवांतरच वाढवावे लागते. म्हणून ईलच्या अंगात विद्युतपेशींच्या लांबलचक रांगा एकसर जोडणीत असतात, आणि टॉर्पेडोमध्ये आखूड रांगा मोठ्या संख्येने समांतर.

चुंबकत्व: डबीबाहेर

विद्युतधारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते हे ऑरस्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. मग आपल्या डबीशेजारी चुंबकसूची ठेवली तर ती हलेल का? बॅटरीची एकदिश धारा जरी धरली, तरी डबीतून २ मिलिअँपिअर वाहत असतील तर ५ सेंमी अंतरावर क्षेत्र सुमारे ८ नॅनोटेस्ला येते. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे त्याच्या पाच हजार पट असते. सूची हलणार नाही. सजीवांमधल्या धारांचे क्षेत्र तर याहून कितीतरी दुर्बळ आहे. हृदयाचे क्षेत्र छातीबाहेर काही दहा पिकोटेस्ला इतकेच भरते आणि ते मोजायला बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणारी खोली लागते. अशा मोजमापांना शहरी धारांचा त्रास किती होतो याचे उदाहरण मुंबईतच आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या, १८५९ मधल्या प्रसिद्ध सौरवादळाची नोंदही तिथे झाली. पण शहरात विजेवरच्या ट्राम येणार हे ठरल्यावर हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले, आणि ते आजही तिथे चालू आहे.

पर्यावरणाच्या विद्यार्थ्याला चुंबकत्वाचा खरा उपयोग फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या प्रवर्तनात आहे. बदलते चुंबकीय क्षेत्र वाहकात विद्युतधारा उत्पन्न करते. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळीतून बलवान चुंबक सोडला की तो संथपणे खाली येतो, कारण नळीत उत्पन्न झालेल्या धारा त्याला विरोध करतात. तोच चुंबक मिठाच्या पाण्याने भरलेल्या उंच भांड्यात सोडला, तर असा विरोध जाणवत नाही, कारण समुद्राचे पाणीसुद्धा तांब्याच्या सुमारे एक कोटीव्या हिश्शाइतकेच वाहक असते. मग मातीतली वाहकता प्रवर्तनाने कशी मोजावी? उत्पन्न होणारे विभवांतर क्षेत्र किती झपाट्याने बदलते यावर अवलंबून असते, म्हणून क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा उलटवायचे.

मृदाक्षारतेच्या सर्वेक्षणात वापरले जाणारे ईएम ३८ हे उपकरण याच तत्त्वावर चालते. एका दांड्यात १ मीटर अंतरावर दोन वेटोळी बसवलेली असतात. पहिले १४.६ किलोहर्ट्झला चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने जमिनीत लहान धारा फिरू लागतात, त्या धारांचे स्वतःचे दुय्यम क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यापर्यंत पोचते आणि त्यावरून वाहकता काढली जाते. जमिनीची वाहकता १ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर असेल, तर हे दुय्यम क्षेत्र मूळ क्षेत्राच्या हजारात सुमारे तीन भाग इतकेच असते. एवढा फरक वेगळा काढता येतो, कारण दुय्यम क्षेत्र मूळ क्षेत्राच्या पाव आवर्तन मागे असते आणि उपकरण नेमका तेवढाच भाग उचलते. दांडा वेटोळ्यांचे अक्ष उभे राहतील असा धरला तर सुमारे दीड मीटर, आणि आडवा केला तर पाऊण मीटर खोलीपर्यंतच्या मातीचा प्रभाव मुख्यतः दिसतो. दोन्ही रीतींनी एकाच जागी मोजून क्षार वरच्या थरात साचले आहेत की खाली, याचा अंदाज घेता येतो. सांगली आणि कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात अतिपाण्याने भूजल वर येऊन क्षारपड झालेल्या जमिनींबाबत हाच प्रश्न पहिल्यांदा विचारावा लागतो.

या उपकरणाचा आकडा मात्र सरळ क्षारतेचा आकडा समजू नये. तो ओलावा, चिकणमाती, क्षार आणि तापमान या सर्वांचा मिळून बनलेला असतो. क्षारयुक्त जमिनीची ४ डेसिसिमेन्स प्रति मीटर ही रूढ मर्यादा मातीच्या संपृक्त लगद्यातून, म्हणजे माती पाण्याने पूर्ण भिजवून केलेल्या लगद्यातून, काढलेल्या अर्कासाठी आहे, शेतात उभे राहून घेतलेल्या वाचनासाठी नाही. ४ डेसिसिमेन्स प्रति मीटर म्हणजेच ४००० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. म्हणून पाऊस किंवा पाणी देऊन झाल्यावर जमिनीत ओल सारखी असताना शेतभर वाचने घ्यावीत, खिशातल्या किल्ल्या आणि मोबाइल दूर ठेवावेत, लोखंडी कुंपण आणि विजेच्या तारांपासून अंतर राखावे. मग सर्वांत जास्त, सर्वांत कमी आणि मधल्या वाचनांच्या जागा निवडून तिथली माती प्रत्येक थरातून वेगळी काढावी, ऊर्ध्वपातित पाण्यात तिचा संपृक्त लगदा करावा, गाळून अर्क घ्यावा आणि तो आपल्या डबीत ओतून त्याची वाहकता मोजावी. डबीला ७२ मिलिलिटर अर्क लागतो. तेवढा निघाला नाही, तर पाण्याची उंची कमी ठेवून प्रमाण द्रावणाने स्थिरांक पुन्हा काढावा आणि वहीत उंची, तापमान व वारंवारता हे तिन्ही आकडे वाहकतेच्या शेजारीच लिहावेत.